बंद खोली आणि गॅस हीटर

बाबांची बदली अंबाल्याला झाली, तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्यात एसीचा गारवा टिकावा म्हणून आम्ही खिडकीच्या फटी बुजवल्या होत्या. जानेवारीत त्याच खोलीत दार लावून गॅस हीटर पेटवला. तासाभरात आईचे डोके दुखू लागले, मला मळमळले. थंडी बाधली असेल असे वाटले. बाबा आले, त्यांनी हीटर बंद केला, दारे-खिडक्या उघडल्या आणि आम्हाला मोकळ्या हवेत नेऊन मग डॉक्टरांकडे नेले.

हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरते. स्प्लिट एसीचा पंखा लावूनही उपयोग नाही. तो खोलीतलीच हवा फिरवतो.

आता आमच्या घरी नियम ठरले आहेत:
१. हीटर चालू असेपर्यंत खिडकी थोडी उघडी.
२. ज्योत पिवळी किंवा काजळी धरणारी दिसली, तर हीटर बंद करून दुरुस्ती.
३. झोपण्यापूर्वी हीटर बंद.
४. गॅसचा वास आला, तर रेग्युलेटर बंद, विजेच्या बटणाला हात नाही. बाहेर येऊन १९०६ वर फोन.

मित्रांनो, हिवाळी सुट्टीत घरी गेलात की आधी खिडकीच्या फटी तपासा.