अटक, कोठडी आणि शिक्षा

परभणीच्या कोर्टाच्या आवारात आम्हांला एकदा एक म्हातारे शेतकरी भेटले. गंगाखेडकडून आले होते. डोक्याला पटका, हातात घडी केलेले वर्तमानपत्र. बांधाच्या भांडणात त्यांच्या मुलाला पोलिसांनी नेले होते. पेपरात त्याची बातमी होती आणि शेवटी शब्द होते, ‘न्यायालयीन कोठडी’. गावात कुणीतरी वाचून सांगितलं, “कोर्टानं शिक्षा दिली. गेला पोरगा आत.” वरच्या कोर्टात जायला पैसा लागेल, म्हणून म्हाताऱ्यांनी त्याच दिवशी बैलजोडी विकायला काढली.

शिक्षा तर झालीच नव्हती. खटला अजून उभाही राहिला नव्हता!

आपण बोलताना सगळ्याला एकच शब्द वापरतो : ‘आत टाकलं’. पण कागदावर निरनिराळे शब्द असतात. ते नीट वाचले पाहिजेत.

पहिला शब्द ‘अटक’. पोलीस माणसाला ताब्यात घेतात, ती अटक. का धरले, हे त्याला सांगावे लागते. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला न्यायाधीशापुढे उभे करावे लागते. हे आपल्या राज्यघटनेतच लिहिले आहे. अटक झालेला माणूस ‘आरोपी’ असतो. आरोपी म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो. त्याला गुन्हेगार म्हणू नये.

पुढे ‘कोठडी’. ती दोन प्रकारची. तपासासाठी आरोपीला पोलिसांच्या ताब्यात देतात, ती ‘पोलीस कोठडी’. ती सगळी मिळून पंधरा दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही. कोर्टाच्या हुकमाने त्याला तुरुंगात ठेवतात, ती ‘न्यायालयीन कोठडी’. हा शब्द लांब आहे. दोनदा वाचा. यात शिक्षा कुठेच नाही. जामिनाचा अर्ज पुष्कळदा याच वेळी चालतो.

‘जामीन’ शब्द आपल्याला नवा नाही. सोसायटीच्या कर्जाला आपण जामीन राहतोच. कर्जदाराने पैसे बुडवले तर भरायचे आपण. इथेही तसेच. आरोपी तारखेला हजर राहील, अशी हमी कोर्टाला द्यायची. स्वतःच लिहून दिली तर तो मुचलका.

खटला संपेपर्यंत जो तुरुंगात असतो, त्याला लोक ‘कच्चा कैदी’ म्हणतात. २०२२ साली आपल्या देशातल्या तुरुंगांत दर चार माणसांमागे सुमारे तीन असे कच्चे कैदी होते. वकील करायला पैसा नसला, तर कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. त्यासाठी त्याचे उत्पन्न विचारीत नाहीत.

गुन्हा शाबीत झाला, म्हणजे मग ‘शिक्षा’. साधी कैद असेल तर काम सक्तीचे नसते. सक्तमजुरी, म्हणजेच सश्रम कारावास, असेल तर काम करावे लागते. ‘जन्मठेप’ या शब्दाची मात्र फार गल्लत होते. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, असे पारावर कुणीही सांगेल. ते खरे नाही. गोपाळ गोडसे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली सांगितले, की जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद. सूट द्यायची की नाही, हे सरकारने ठरवायचे. मग चौदा आले कुठून? ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्याला चौदा वर्षे पुरी झाल्याशिवाय सोडता येत नाही, असा कायदा १९७८ साली झाला. चौदा वर्षांनी दार उघडेलच, असा त्याचा अर्थ नव्हे.

आणि ‘तडीपार’? तड म्हणजे नदीचा काठ. तडीपार केलेल्याला कोंडत नाहीत, हद्दीबाहेर घालवतात. कैदेच्या अगदी उलट!

शब्दांत मानअपमानही असतो. १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. कोर्टकचेरीचे कागद उर्दूत असत. मराठी शेतकऱ्याला ते वाचता येत नसत. त्या राज्याविरुद्ध लढताना स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. त्यांच्याविषयी आपण म्हणतो, ‘कारावास भोगला’. चोराविषयी म्हणतो, ‘जेलची हवा खाल्ली’. तुरुंग दोघांनाही तुरुंगच. पण बांधाच्या भांडणातला पोरगा चार दिवस कोठडीत राहून आला, पुढे निर्दोष सुटला, तरी गाव त्याला ‘हवा खाऊन आला’ म्हणतं. त्याच्या सोयरिकीत ते वाक्य आडवं येतं. हे आम्हांला बरे वाटत नाही.

त्या म्हाताऱ्यांना आम्ही बातमी पुन्हा वाचून दाखवली. ‘कोठडी’ या शब्दावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “म्हणजे शिक्षा न्हाई?” नाही म्हटल्यावर ते थोडा वेळ ओट्यावर बसून राहिले. मग उठले आणि फोन करायला लागले. बैलांचा सौदा त्यांना आधी मोडायचा होता.