शाळेतील जुना संगणक : ग्राफिक्स कार्डाची परीक्षा व बदल

जडसंग्रह नोंदवहीत ‘संगणक नादुरुस्त’ असा शेरा एकदा पडला की त्या यंत्राचा पुढील प्रवास बहुधा निर्लेखनाच्या यादीकडे होतो. वस्तुतः ‘संगणक बिघडला’ हे वाक्य ‘मुलगा आजारी आहे’ या वाक्याइतकेच अपुरे होय. कोणता अवयव आजारी आहे, हे त्यातून कळत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील (२०२४ पूर्वीचे नाव अहमदनगर) ज्या शाळांना लोकवर्गणीतून किंवा शहरातील कचेऱ्यांनी बदललेल्या सामग्रीतून वापरलेला संगणक मिळाला आहे, त्यांच्यापाशी दुसरा संच बहुधा नसतो. म्हणून निर्णय देण्यापूर्वी परीक्षा करणे हे शिक्षकाचे काम ठरते.

संगणकाने केलेल्या आकडेमोडीचे पडद्यावर दिसणाऱ्या चित्रात रूपांतर करणारा भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. काही संचांत हे काम मुख्य प्रोसेसरच करतो. काहींत त्यासाठी स्वतंत्र पाटी बसविलेली असते व तिच्यावर स्वतःची स्मृती आणि बहुधा छोटा पंखाही असतो. ही पाटी काम करताना तापते व बंद होताच निवते. तापणे म्हणजे प्रसरण, निवणे म्हणजे आकुंचन. हा नियम शिक्षक विज्ञानाच्या तासाला शिकवितोच. वर्षानुवर्षे हे चालू राहिले की डाख दिलेले सूक्ष्म सांधे थकतात. हा दोष केवळ जुन्या किंवा हलक्या मालातच असतो असे नाही. २००८ साली एनव्हिडिया या प्रसिद्ध कंपनीनेही आपल्या काही चिपांच्या जोडणीतील दुबळेपणा मान्य करून त्यापोटी कोट्यवधी डॉलरांची तरतूद केली होती. त्यात पाथर्डी–जामखेडकडील धूळ पंख्यात साचते, तर अकोल्याच्या घाटमाथ्यावरील पावसाळी दमट हवेने धातूची टोके काळवंडतात. एकाच जिल्ह्यात रोगाची कारणे अशी निरनिराळी असतात.

समजा, एका द्विशिक्षकी शाळेत पाठ दाखविताना पडद्यावर रंगीत रेघा व ठिपके उमटू लागले. प्रथम संशय मॉनिटरवर घ्यावा, कारण तो तपासणे सर्वांत सोपे आहे. संगणकाकडून येणारी केबल काढावी. ‘सिग्नल नाही’ अशा अर्थाची जी सूचना तेव्हा दिसते ती मॉनिटर स्वतः काढतो. तिच्यावरही रेघा असतील तर कार्ड निर्दोष आहे. सूचना स्वच्छ असेल तर केबल बदलून पाहावी. प्रोजेक्टरची केबल चालत असेल तर तीच लावावी.

यानंतर रेघा केव्हा उमटतात याकडे लक्ष द्यावे. कळ दाबताच, कंपनीचे नाव झळकते त्या क्षणीच त्या दिसत असतील, तर दोष ड्रायव्हर नावाच्या आज्ञावलीचा नव्हे; ती तोवर जागी झालेलीच नसते. विंडोज सुरू झाल्यावरच बिघाड दिसत असेल, तर संच सेफ मोडमध्ये चालवून पाहावा. तेथे पडदा स्वच्छ राहिल्यास ड्रायव्हरवर संशय जातो. तथापि एवढ्यावर निकाल देऊ नये, कारण दुबळे कार्डदेखील हलके ओझे निमूटपणे वाहते. ड्रायव्हर काढून नव्याने घालावा आणि अर्धा तास चित्रफीत चालवावी. पडदा पूर्ण काळा असून पंखे फिरत असतील तर कान द्यावा. अवॉर्ड बायोस असलेल्या जुन्या मदरबोर्डवर एक लांब व दोन आखूड शिट्ट्या, आणि एएमआय बायोसवर आठ आखूड शिट्ट्या, या चित्रयंत्रणेतील दोष सुचवितात. रॅम ढिली झाली तरीही पडदा काळा पडतो, म्हणून तीही काढून पुन्हा बसवावी.

आता कॅबिनेट उघडणे आले. विजेची पिन भिंतीतून काढावी, चालू करण्याची कळ काही सेकंद दाबून धरावी, आणि अंगावरील स्थिर वीज जावी म्हणून पेटीच्या उघड्या धातूला हात लावावा. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत हे विसरू नये. पाचवी–सहावीच्या मुलांना अवश्य पाहू द्यावे, पण हात लावू देऊ नये. वीजपुरवठ्याची बंद पेटी, जिला एसएमपीएस म्हणतात, ती शिक्षकानेही उघडू नये. पिन काढल्यावरही तिच्यात धोकादायक भार राहतो.

कार्डाचा स्क्रू काढून व खाचेच्या टोकाची कडी दाबून ते सरळ वर उचलावे. सोनेरी टोके मऊ खोडरबराने घासून कण झटकावेत, पंख्याची धूळ मऊ कुंचल्याने काढावी, पंखा बोटाने मोकळा फिरतो का ते पाहावे. नळकांडीसारख्या कपॅसिटरचे माथे फुगलेले दिसल्यास मोठा पुरावा मिळाला असे समजावे. कार्ड ओव्हनमध्ये भाजण्याचा एक उपाय सांगितला जातो. त्याने गुण आला तरी तो बहुधा थोडे दिवसच टिकतो आणि अपायकारक वाफा निघतात. शाळेने तो करू नये.

निर्णायक परीक्षा पुढेच आहे. कार्ड बाहेर ठेवून केबल मदरबोर्डच्या स्वतःच्या जोडणीत लावावी. चित्र स्वच्छ आले तर दोषी सापडला. आणि पुष्कळदा शाळेचा खर्चही वाचला, कारण पाठ, चित्रफिती व लेखनकाम यांना ही अंगभूत सोय पुरते. नवे कार्ड घेण्याची घाई येथे व्यर्थ होय. अर्थात काही प्रोसेसरांत ही सोय नसते. तेव्हा कार्ड घ्यावेच लागते.

खरेदीस नगरच्या बाजारात जावे किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत, जुने कार्ड बरोबर न्यावे. कचेऱ्यांतून आलेल्या अरुंद कॅबिनेटमध्ये अर्ध्या उंचीचेच कार्ड मावते. पीसीआय एक्सप्रेसची मोठी खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देते. वेगळी वीजतार मागणारे कार्ड जुन्या एसएमपीएसला झेपेलच असे नाही, म्हणून ते टाळावे. जुन्या मॉनिटरला निळी व्हीजीए जोडणी लागते. ती पुष्कळ नव्या कार्डांवर नसते, मग परिवर्तकाचा खर्च वाढतो. वापरलेले कार्ड घेतल्यास दुकानातच तासभर चित्रफीत चालवून पाहावी, केवळ चित्र आले एवढ्यावर पैसे देऊ नयेत. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने, आपल्या संचावरील प्रणालीसाठी त्या कार्डाचा ड्रायव्हर मिळतो का, हेही आधी विचारावे.

नवे कार्ड बसल्यावर त्याची किंमत, दिनांक व बदललेला भाग यांची नोंद जडसंग्रह नोंदवहीत करून शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावी. जुने कार्ड भंगारवाल्यास देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत अशा वस्तूंसाठी नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्यांची व्यवस्था आहे. तेथे जाईपर्यंत ते ‘सदोष’ अशी चिठ्ठी लावून कपाटात ठेवावे, म्हणजे पुढील शिक्षक ते चांगले समजून पुन्हा बसविणार नाही.