गाडीसाठी व्हॅक्यूम घेतेस? आधी प्लग बघ

अगं, व्हॅक्यूम घे, जरूर घे. गाडी पुसायला येणारा माणूस बाहेरून चकचकीत करून जातो, पण आत तुमची पोरं बसतात, तासन्‌तास काचा बंद करून तुम्ही तीच हवा घेता. आतली सफाई आपल्याच हातची. फक्त मोबाईलवर सेल दिसला म्हणून लगेच ऑर्डर टाकू नकोस. आधी मला सांग, तुमच्या पार्किंगमध्ये गाडीपासून प्लग किती लांब आहे? कोणतं मशीन घ्यायचं ते त्यावर ठरतं.

सगळ्यात स्वस्त मिळतात ते गाडीच्या सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावायचे. ते नको. त्या सॉकेटचा फ्यूज बहुधा 10 किंवा 15 अँपिअरचा असतो. 12 व्होल्टने गुणलंस की 120 ते 180 वॅट, त्यापलीकडे तिथून काही मिळणारच नाही. सीटवर सांडलेले चुरमुरे, बिस्किटाचा चुरा एवढं उचललं जातं. पण गुहागरहून परत येताना ओल्या पायांनी जी वाळू आत येते, ती मॅटखालच्या कार्पेटच्या मुळाशी जाऊन बसते. तिला ते मशीन हलवतही नाही. आणि ती तशीच राहिली तर पायाखाली घासून घासून कार्पेटचे धागे झिजवते, म्हणून मी इतकी मागे लागलेय.

प्लग अजिबातच नसेल तर बॅटरीवरचा घ्यावा लागेल. खोक्यावर छापलेली मिनिटं बहुधा कमी वेगावरची असतात. पूर्ण जोरावर त्याच्या निम्म्यानेही चालेलसं धरू नकोस. आज पुढच्या सीट, उद्या डिकी, असं वाटून करायचं. बॅटरी काढून बदलता येते का आणि सुटी मिळते का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नकोस, कारण लिथियमची बॅटरी काही वर्षांनी थकतेच.

पण खांबावर प्लग असेल आणि सेक्रेटरी हो म्हणत असतील, तर डोळे मिटून ड्रमवाला घे. वेट अँड ड्राय म्हणतात तो, दहा-पंधरा लिटरचा पुरे. आपल्याकडच्या पावसाळ्यात खरी गरज त्याचीच. चिंब छत्र्या, चिखलाचे बूट, आणि मग तो कुबट वास! कार्पेटमधलं पाणी ओढून घेतलं आणि दारं उघडी ठेवून वाळवलं तर बुरशी धरत नाही. पाणी ओढण्याआधी कागदी किंवा कापडी फिल्टर काढून स्पंजचा बसवायचा, एवढं विसरू नको. टाकी भरली की आतला फ्लोट वर येऊन ओढ बंद करतो, आवाज एकदम बदलतो. तेव्हा लगेच बटण बंद कर. सांडलेलं पेट्रोल किंवा थिनर मात्र कधीही ओढायचं नाही. मोटरच्या ठिणगीने पेट घेईल.

दुकानदार तुला वॅट सांगेल. वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं, ओढतं किती ते नव्हे. युरोपात घरगुती व्हॅक्यूमवर 2014 साली 1600 वॅटची मर्यादा आली आणि 2017 पासून ती 900 वर आणली, तरी तिथली घरं स्वच्छच आहेत. तू किलोपास्कलचा आकडा विचार, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुकानात मशीन चालू करायला लाव आणि नळीच्या तोंडावर तळहात धरून बघ.

मग नळी बघ. मी सगळ्यात जास्त भर तिच्यावर देईन. दोन मीटरपेक्षा आखूड असेल तर ड्रम सतत दारापाशी ओढत फिरावं लागतं, आणि एखाद्या वेळी दाराच्या पत्र्यावर ओरखडा उठतो. सोबत चपटं, लांब तोंड हवंच. सीटच्या रुळांत, हँडब्रेकच्या कडेला, सीटबेल्टच्या खाचेत दुसरं काही शिरत नाही. डॅशबोर्ड आणि एसीच्या जाळ्यांसाठी मऊ केसांचा गोल ब्रश लागतो. आणि हे सगळं ओल्या फडक्याच्या आधी करायचं. वाळूचे कण असताना पुसलंस तर चकचकीत प्लॅस्टिकवर चरे पडतात. कुत्र्याचे केस सीटमध्ये रुतले असतील तर रबरी हातमोजा घालून एकाच दिशेने हात फिरव, त्यांचे गोळे होतात, मग ओढून घे.

1400 वॅटच्या आसपासचं मशीन असेल तर साध्या 6 अँपिअरच्या प्लगला लावू नकोस, 16 चा लागतो. एक्स्टेंशनची वायर जाड घे आणि पूर्ण उलगडून ठेव, गुंडाळलेली वायर तापते. फिल्टर धुतलास की सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नको. घाण फिल्टरने चांगलं मशीनही ओढेनासं होतं, आणि लोक नवं घ्यायला धावतात.

आणखी एक. पाऊस नसताना ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढे पाय ठेवतो तिथलं कार्पेट ओलं लागलं, तर व्हॅक्यूमवर वेळ घालवू नकोस. बऱ्याचदा एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली असते, गॅरेजमध्ये ती मोकळी करून देतात. सीटखाली नळी घालशील तेव्हा तिथे पिवळ्या रंगाची वायर किंवा जोडणी दिसते का बघ. ती एअरबॅगची असते, तिला धक्का लागू द्यायचा नाही. पहिल्यांदा साफ करशील तेव्हा मोबाईलची बॅटरी लावून आत नीट बघून घे, आणि काही अडलं तर तिथूनच मला व्हिडिओ कॉल कर.