आघातातून सावरताना ग्रंथांचे साहाय्य

जोयडा तालुक्याचे पूर्वीचे नाव सुपा. काळी नदीवरील १०१ मीटर उंचीच्या धरणाच्या जलाशयात १९८० च्या दशकात सुपा गाव बुडाले, तालुक्याचे ठाणे जोयडा येथे आले आणि विस्थापितांपैकी अनेकांनी रामनगर येथे नवा संसार मांडला. अशा प्रसंगी घर, शेत व झाडे यांची मोजदाद होते. मनाला बसलेल्या धक्क्याची नोंद मात्र कोणत्याही पंचनाम्यात होत नाही. याच जिल्ह्यात अंकोला तालुक्यातील शिरूर येथे १६ जुलै २०२४ रोजी राष्ट्रीय महामार्गावर दरड कोसळून माणसे दगावली. त्याखेरीज अपघात, घरातील मारहाण, जवळच्या माणसाची आत्महत्या, रानातील श्वापदाचा हल्ला असे आघात वर्तमानपत्रात न येताही घडत असतात. त्यातून सावरणाऱ्यास ग्रंथांचा व इतर साधनांचा कितपत उपयोग होतो आणि ती कोठे शोधावीत, याचा येथे विचार करावयाचा आहे.

आघातानंतर झोप उडणे, दचकणे, तोच प्रसंग पुन्हापुन्हा डोळ्यांपुढे येणे, त्या जागेकडे जाणे टाळणे ही लक्षणे बहुतेकांत दिसतात व बहुतेकांत ती काही आठवड्यांत ओसरतात. महिना उलटूनही ती कायम राहिली, कामधंदा सुटला किंवा जीव देण्याचे विचार येऊ लागले, तर तो वैद्यकीय उपचाराचा विषय होय. जीव देण्याचा विचार आल्यास तर महिनाभर थांबण्याचेही कारण नाही. या अवस्थेस स्वतंत्र विकार म्हणून अमेरिकन मानसोपचार वर्गीकरणात १९८० साली स्थान मिळाले. पुस्तक हे डॉक्टरांच्या जागी नव्हे, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे.

पहिल्या दिवसांत तर पुस्तक देऊच नये. त्या वेळी अन्न, निवारा, झोप आणि आपले माणूस यांची गरज असते. जागतिक आरोग्य संघटनेने इतर संस्थांच्या साहाय्याने २०११ साली मानसिक प्रथमोपचारावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. पाहा, ऐका आणि योग्य मदतीशी जोडून द्या, असे तिचे सार आहे. घडले ते सांगण्याची सक्ती करू नये, असेही ती बजावते. आपल्या शिक्षकबंधूंनी हे विशेष ध्यानात घ्यावे. पूर ओसरल्यावर वर्ग भरताच मुलांना ‘पुराचा दिवस’ या विषयावर निबंध लिहावयास सांगण्याची रीत चांगल्या हेतूने पडलेली असली, तरी ती सोडून द्यावी. चित्र काढणे, खेळणे व नेहमीचे वेळापत्रक सुरू होणे यांतून मूल लवकर सावरते. बोलावेसे वाटेल तेव्हा ते आपणहून बोलते.

पुढे, मन थोडे स्थिरावल्यावर, त्याच संघटनेची २०२० सालची तणावविषयक सचित्र पुस्तिका हाती द्यावी. ती विनामूल्य असून अनेक भाषांत निघाली आहे. तीत पाच सोप्या कृती आहेत व त्यांस दिवसाकाठी काही मिनिटे पुरतात. पहिली कृती अशी: मनात वादळ उठले की पाय जमिनीवर टेकवावेत, श्वास संथ करावा, भोवती काय दिसते व काय ऐकू येते याकडे लक्ष द्यावे. पुस्तिकेसोबत ध्वनिमुद्रणही असल्याने निरक्षरांनाही तिचा लाभ घेता येतो. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी डॉ. विक्रम पटेल यांचा ‘व्हेअर देअर इज नो सायकियाट्रिस्ट’ हा २००३ सालचा इंग्रजी ग्रंथ उत्तम आहे. नावाप्रमाणेच तो मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या ठिकाणांसाठी लिहिलेला आहे. शेजारच्या गोव्यात त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिकांना समुपदेशनाचे शिक्षण दिले व सरकारी आरोग्य केंद्रांत त्यांच्याकडून नैराश्याच्या रुग्णांना लाभ झाल्याचे २०१० साली दाखवून दिले.

ललित साहित्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ ही धरणग्रस्तांवरील कादंबरी पुनर्वसनाचे काम करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने वाचावी. परंतु नुकतेच घर गमावलेल्या माणसाच्या हाती ती देणे म्हणजे ओल्या जखमेस हात लावणे होय. याउलट प्रकाश नारायण संत यांच्या लंपनच्या कथा सीमाभागातील कानडीमिश्रित मराठीत आहेत. आपल्या वाचकांना ती बोली परकी वाटत नाही व मुलाच्या मनातील एकटेपण त्या अलगद उलगडतात. मात्र ‘झुंबर’मध्ये वडिलांच्या मृत्यूचा भाग येतो. पोरक्या झालेल्या मुलास तो वाचावयास देण्यापूर्वी मोठ्या माणसाने स्वतः वाचावा व मग मुलासोबत बसावे. घरी कोंकणी, शाळेत कन्नड आणि पोथी मराठीत, अशी आपल्याकडील अनेक घरांची स्थिती आहे. दुःख ज्या भाषेत बोलले जाते तीत समजावून सांगणारे कोणी जवळ असेल, तरच छापील मजकूर पोहोचतो.

बाजारात दुसऱ्या प्रकारची पुस्तकेही भरपूर आहेत. अमुक दिवसांत भीती नाहीशी करण्याची हमी देणारी, चालू औषधे बंद करावयास सांगणारी, किंवा संकट हे पीडिताच्याच पापाचे वा विचारांचे फळ असल्याचे सुचविणारी पुस्तके घेऊ नयेत. लेखकाचे शिक्षण काय, आणि डॉक्टरांकडे केव्हा जावे हे पुस्तकात सांगितले आहे काय, एवढे पाहिले तरी निम्मी निवड होते.

ग्रामपंचायतीच्या ग्रंथालयात अशा पुस्तकांचे वेगळे कपाट करून त्यावर ‘मनोरुग्णांसाठी’ अशी पाटी लावू नये. त्या कपाटाकडे कोणीही फिरकणार नाही. आरोग्य व शेतीच्या पुस्तकांतच ती ठेवावीत. कोणी कोणते पुस्तक नेले याची वही टेबलावर उघडी असू नये, कारण छोट्या गावात तेवढ्यावरून चर्चा होते. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू असून तो विनामूल्य आहे. तेथे अनेक भारतीय भाषांत बोलता येते. प्रत्यक्ष उपचारांसाठी धारवाड येथील मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था किंवा गोव्यातील बांबोळीची मनोरुग्णालय संस्था जवळ पडते. तालुक्यातील अनेक वाड्यांवर दूरध्वनीचे जाळे पोहोचत नाही; म्हणून हा क्रमांक व दोन्ही ठिकाणी जाणाऱ्या बसच्या वेळा पुस्तकाच्या आतील पानावरच चिकटवून ठेवाव्यात.