पळवून दमवू नकोस, बसायला शिकव

लेका, पोरीच्या हातातून पडलेलं उचलून देईल, तिच्या व्हीलचेअरला खेटून गर्दीतून चालेल, असं कुत्रं घडवायचं म्हणून तू लॅब्राडॉरचं पिल्लू आणलंस, ते बरं केलंस. आपल्या भागात मुधोळ किंवा कारवान कुत्र्यांचं कौतुक मोठं. 2016 साली लष्करानंही मुधोळची पिल्लं नेली. पण ते ससा दिसला की सुटणारं जनावर. तुझ्या कामाला तोंडात वस्तू धरायची हौस असलेलं आणि माणसाच्या तोंडाकडं बघत राहणारं कुत्रं लागतं.

आता पिल्लाच्या दंग्याचं. सगळे सांगतील, रंकाळा तलावाला दोन फेऱ्या मारून आण, गप पडंल. ऐकू नकोस. तालमीतल्या पोराचे जोर वाढवले की त्याचा दमच वाढतो, तसं पुढं तीन फेऱ्यांनीही भागत नाही. शिवाय लॅब्राडॉरच्या जातीत खुब्याच्या सांध्याचं दुखणं असतं. वर्षाच्या आत लांब पळवणं नको आणि जिन्यावरून उड्याही नकोत.

त्याला रिकामं बसायला शिकव. सतरंजीचा एक तुकडा घे. पिल्लू आपणहून त्यावर टेकलं की काही न बोलता त्याच्या जेवणातलेच दोन दाणे पुढ्यात टाक. उठलं तर रागावू नकोस, फक्त दाणे थांबव. घरात जमलं आणि लसी पुऱ्या झाल्या की तोच तुकडा घेऊन किराणा दुकानाच्या पायरीवर बस, मग दवाखान्यात, मग एसटी स्टँडवर. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर 3 हजार किलोहून जास्त आरडीएक्स हुडकणारा पोलिसांचा झंजीर लॅब्राडॉरच होता. स्फोटकाचा वास लागला की असल्या कुत्र्यानं पंजा मारायचा नसतो, जागेवर गप बसायचं असतं. एवढ्या मोठ्या कामातही खरी परीक्षा बसण्याचीच!

साधारण चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, ते त्याला आयुष्यभर परकं वाटत नाही. पण लसी पुऱ्या व्हायच्या आत रस्त्यावर सोडलंस तर पार्वो गाठेल. म्हणून कडेवर घेऊन फिरव. महाद्वार रोडची गर्दी, गंगावेशीतल्या म्हशी, रिक्षांचे हॉर्न, कुबड्या घेतलेला माणूस, सगळं लांबून दाखव. गणपतीच्या मिरवणुकीत मात्र नेऊ नकोस. त्या आवाजानं माणसाची छाती धडधडते, तिथं त्याचं काय! ढोलाचा आवाज मोबाईलवर बारीक लावून जेवताना ऐकव, आणि रोज थोडा वाढव.

चपलेचं नीट ऐक. तुझी कोल्हापुरी ते पहिली उचलणार, चामड्याचा वास त्याला सोडवत नाही. ओरडलास, मागं धावलास, तर वस्तू तोंडात आली की पळायचं, एवढंच ते शिकेल. अरे, वस्तू उचलून आणणं हीच तर उद्या त्याची नोकरी आहे! खाली बस, हात पुढं कर, चांगला तुकडा दाखव आणि चप्पल सोडली की शाबासकी दे. किमती जोड आधीच माळ्यावर टाक. चार ते सहा महिन्यांत दात बदलतात, तेव्हा ओलं फडकं फ्रीजमध्ये गोठवून चावायला दे.

हुकमाचा शब्द एकच ठेवा. तू ‘बस’ म्हणणार, आई ‘खाली बस’, पोरगी ‘सिट’, मग त्यानं कुणाचं ऐकायचं? दटावताना त्याचं नाव घेऊ नका, नाहीतर हाक मारली की लपेल. आणि झोपू द्या. एवढंसं पिल्लू दिवसातले अठरा-अठरा तास झोपतं. संध्याकाळी अंगात आल्यासारखं धावतं तेव्हा बऱ्याचदा झोप अपुरी झालेली असते.

घरात मटण शिजलं की रस्सा-भात त्याच्या ताटात जाणार नाही, हे आजीला आत्ताच सांग. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो, आणि शिजलेलं हाड फुटून आतड्यात रुततं.

दीड वर्षाचं झालं की जाणत्या प्रशिक्षकाला दाखव. आंधळ्या झालेल्या सैनिकांसाठी कुत्री तयार करणारी शाळा जर्मनीत 1916 साली निघाली. इतकी वर्षं झाली, तरी अशा शाळांत अजूनही सगळी पिल्लं पास होत नाहीत. आपलं आवाजाला बिचकलं किंवा गल्लीतली कुत्री दिसली की ओढायला लागलं, तर हट्ट धरू नकोस, घरचं म्हणून सांभाळ.

आणि गल्लीतल्या पोरांना आजच सांगून ठेव, पट्टा बांधलेला असताना त्याला कुणी हात लावायचा नाही, बिस्कीट तर मुळीच द्यायचं नाही.