जळालेल्या ट्रॅकची फिर्याद

रब्बीच्या गव्हा-हरभऱ्यास पाणी देण्याचे दिवस आले, म्हणजे रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर या तालुक्यांतून पंपाच्या मोटारींचे ऑटो स्विच आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर यांची माझ्या वाशीमच्या दुकानी रीघ लागते, आणि त्यांतील पुष्कळांचे दुखणे पीसीबीवरील तांब्याचा एखादा ट्रॅक जळून तुटणे हेच असते. रात्रपाळीची वीज वाया जाऊ नये म्हणून शेतकऱ्याचा तगादा असतो. दुरुस्ती करणाराही तुटल्या जागी सोल्डरचा जाड थर ओतून मोकळा होतो, आणि काही दिवसांनी तेच कार्ड अधिक काळे होऊन येते.

अशाच एका ऑटोवर कोणीतरी ट्रॅकच्या जागी जाडजूड वायर जोडली होती. मूळ दोष शॉर्ट झालेल्या एमओव्हीचा, म्हणजे जादा दाबापासून कार्ड राखणाऱ्या व्हॅरिस्टरचा, होता. पूर्वी ट्रॅक तुटून बाकीचे कार्ड बचावले होते, या खेपेस वायर तुटली नाही आणि ट्रान्सफॉर्मर जळाला. तुटलेला ट्रॅक ही फिर्याद होय. ती निकालात काढली म्हणजे तपास झाला, असे समजू नये. चिकटलेला रिले, ओल, दोन ट्रॅकांमध्ये येऊन मेलेली पाल, यांची खातरजमा आधी करावी. (धुराच्या वासावरून निदान करणाऱ्यांचा एक संप्रदायच आमच्या व्यवसायात आहे, त्याची दीक्षा घेऊ नये.)

सर्वांत उपेक्षित बाब काळ्या डागाची. जळलेल्या बोर्डाचा कोळसा होतो आणि कोळशातून वीज वाहते. सबब ज्या ठिकाणी दोन फेजांमधील ४१५ व्होल्टचा दाब शेजारशेजारच्या ट्रॅकांवर असतो, तेथे डाग नुसता थिनरने पुसून वर नवी वायर टाकणे म्हणजे पुढच्या ठिणगीची तजवीज करून ठेवणे. ब्लेडने तो खरवडत न्यावा, बोर्डाचा मूळ रंग दिसेपर्यंत. प्रसंगी तेथे आरपार खाच पडली तरी हरकत नाही, कारण मधली मोकळी हवा कोळशापेक्षा शतपटीने विश्वासू असते. हे करण्यापूर्वी पुरवठा तोडून मोठा कपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामा करावा. २३० व्होल्टवर चालणाऱ्या एसएमपीएसमध्ये त्यावर सुमारे ३२५ व्होल्ट साठून राहतात.

मग जोडणी. हिरवा लेप दोन्ही टोकांना थोडा खरवडून, चकाकते तांबे दिसताच पेस्ट लावून कल्हई करावी आणि तांब्याची तार बसवावी. केवळ सोल्डरने फट बुजवू नये, कारण तांब्याच्या मानाने त्याची वाहकता जेमतेम अष्टमांश असते. तारेच्या जाडीचा हिशेब सोपा आहे: सामान्य ट्रॅकची जाडी ३५ मायक्रॉन, म्हणून १ मिलिमीटर रुंद ट्रॅकला सुमारे ०.२ मिलिमीटर व्यासाची, ५ मिलिमीटरला साधारण अर्ध्या मिलिमीटरची तार पुरते. आयर्न एकाच जागी फार वेळ दाबून धरले, तर पॅडच बोर्डापासून सुटतो.

कार्ड प्रथम सिरीज बल्बवर तपासावे. बल्ब भडक पेटून तसाच राहिला, तर शॉर्ट अजून कायम आहे. सोलर पंपाच्या कंट्रोलरचा अनेक थरांचा बोर्ड आतून जळाला असेल, तर मी तो परत करतो. हमीची मुदत शिल्लक असल्यास सीलही उघडत नाही. गिऱ्हाईक नाराज होऊन अकोल्याची वाट धरते, तर धरू द्यावी.