ज्येष्ठ प्रमेही, मोबाईल आणि रुग्णगुण

चतुष्पादाचे विवेचन करताना चरकाचार्यांनी रुग्णाचे चार गुण सांगितले आहेत : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व व ज्ञापकत्व. ज्येष्ठ प्रमेहींच्या हाती मोबाईल आल्यानंतर या गुणांचा पुनर्विचार अगत्याचा झाला आहे.

सदाशिव पेठेतील ७२ वर्षांचे एक कृश गृहस्थ आमच्या नित्य चिकित्सेत आहेत. मुले परदेशी असतात. मोबाईलवरील चित्रफीत पाहून त्यांनी रोज १६ तासांचे लंघन आरंभिले. सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी मात्र चालूच ठेवली. चौथ्या दिवशी स्वेद, कंप व भ्रम ही लक्षणे उद्भवली. ग्लुकोमीटरने ५४ हा आकडा दाखविला. साखर उतरली म्हणून ते समाधानी होते!

चरकांनी स्थूल-बलवान प्रमेहीस संशोधन आणि कृश-दुर्बलास बृंहण सांगितले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचा देहभार निर्देशांक २२.३, शरीरातील मेद मात्र याज्ञिकांचा २१.२ टक्के, तर युडकिन यांचा ९.१ टक्के. तात्पर्य, सर्वांना एकच उपाय सांगणारी चित्रफीत रुग्णाची प्रकृती जाणत नाही.

म्हणून आम्ही पुढील क्रम ठेवला आहे.

स्मृती : औषधाच्या वेळेचा गजर मोबाईलमध्ये आम्हीच लावून देतो.

ज्ञापकत्व : हात धुऊन, पुसून तपासणी करावी, फळाचा रस बोटास असल्यास आकडा खोटा वाढतो. आकडा, वेळ व आहार नोंदवून आणावा.

निर्देशकारित्व : संदेश वाचून औषध वा आहार परस्पर बदलू नये. मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी औषधांची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे, हेही समजावून सांगावे.

अभीरुत्व : आकडा ७० च्या खाली गेल्यास न घाबरता तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपल्यास तोंडात काहीही न घालता रुग्णालयात न्यावे.

त्या गृहस्थांस आम्ही पथ्यापथ्य अनेकदा विचारले होते. मोबाईलवर काय पाहता, हे एकदाही विचारले नव्हते. वैद्यबंधूंनी आपल्या प्रश्नपरीक्षेत एवढा एक प्रश्न अवश्य वाढवावा, ही विनंती.